सहा दिवसांचा हिशेब

यंदा बकरी ईदच्या दुपारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पाऊस धो धो पडत होता. मे महिन्यातच पावसाने मुक्काम ठोकल्यामुळे जूनच्या ७ तारखेला आमच्या गल्लीत घोटाभर पाणी होतं. तो छत्री मिटवत आत आला, सलाम झाला, गळाभेट झाली, बायकोने घावणं आणि कलेजी पुढे ठेवली. त्याचं नाव लिहीत नाही. त्याची हरकत नाही, पण रत्नागिरी लहान गाव आहे.

नववीत असल्यापासून मी त्याला ओळखतो. उर्दू माध्यमातून शिकलेला, पुढे पुण्याला फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं, आता तिथेच शिकवतो. खाता खाता म्हणाला, "सर, नारळीकर सर गेले ना मागच्या महिन्यात. तेव्हापासून तुम्हाला एक सांगायचं म्हणतोय. रागावणार नाय ना?"

डॉ. जयंत नारळीकर २० मेला पुण्यात गेले हे मला ठाऊक होतं. मी मराठीचा शिक्षक, आमच्या पिढीने त्यांच्या विज्ञानकथा वाचलेल्या. मला वाटलं, हा त्यांच्या आठवणी सांगणार.

तो म्हणाला, "सर, २०११ च्या मिलादमध्ये तुम्ही बयान केलं होतं. आठवतं?"

आठवत होतं. चांगलंच आठवत होतं. बीएड होऊन नोकरीत मी तेव्हा नुकता स्थिरावलो होतो. मोहल्ल्यात 'शिकलेला मास्तर' म्हणून नाव होऊ लागलं होतं. फेब्रुवारीचे दिवस, मांडव घातलेला, समोर शाळेतली निम्मी पोरं. मी विषय घेतला होता 'कुरआन आणि विज्ञान'. मुंबईहून आणलेल्या दोन पुस्तिका आणि मॉरिस बुकाय या फ्रेंच डॉक्टरांच्या १९७६ सालच्या गाजलेल्या पुस्तकाचं उर्दू भाषांतर, एवढ्या भांडवलावर मी तासभर बोललो. विश्व प्रसरण पावतं हे हबलने १९२९ मध्ये दाखवलं, पण आपल्या किताबात ते चौदाशे वर्षांपूर्वीच आहे. महास्फोट शास्त्रज्ञांना आत्ता कळला, आपल्याकडे आसमान आणि जमीन जोडलेले होते आणि मग अल्लाहने ते वेगळे केले असं स्वच्छ लिहिलेलं आहे. शेवटी मी म्हणालो होतो की विज्ञानानेच सिद्ध केलं आहे, आता शंकेला जागा कुठे उरली? 'सुब्हानल्लाह'चा गजर झाला. जमातीच्या अध्यक्षांनी मला शाल दिली. ती अजून कपाटात आहे.

"मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं होतं सर. विज्ञानाने सिद्ध केलं म्हणून शंकेला जागा नाही." तो सांगत होता. "दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा नारळीकर सरांचं व्याख्यान ऐकलं. ते म्हणतात, महास्फोट झालाच असं मी मानत नाही. पहिल्यांदा वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग त्यांची पुस्तकं वाचली. सर, मला तुम्ही ज्या खुंटीला टांगलं होतं ना, ती खुंटीच हलली. त्या रात्री झोप नाय आली. फज्रला उठलो नाय. मग उठायचं सुटलंच."

हे त्याने अगदी शांतपणे सांगितलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला तेच जास्त लागलं.

माझी पहिली प्रतिक्रिया कशी होती ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. मी त्याच्याशी वाद घातला. नारळीकर अल्पमतात होते, बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटच मानतात, १९६५ मध्ये सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडल्यावर तो प्रश्न जवळपास मिटला, वगैरे. यातलं बरंचसं त्यानेच मला पूर्वी फोनवर शिकवलेलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते बरोबरच आहे सर. मी पण महास्फोटच शिकवतो. माझा प्रश्न तो नाय. उद्या त्यांचं बरोबर निघालं असतं तर तुम्ही काय केलं असतं? दुसरी आयत शोधली असती?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो असरला निघून गेला. मशिदीत आला नाही, आणि मीही त्याला चल म्हटलं नाही.

त्या पावसाळ्यात मी पुन्हा विद्यार्थी झालो. जे बयान मी दिलं होतं त्याच्यावर मीच पेपर तपासायला बसलो, असं म्हणा ना.

पहिली आयत विश्वाच्या प्रसरणाची, सूरह जारियातमधली. त्यातला शब्द आहे 'मूसिऊन'. धातू तोच ज्याच्यापासून आपला उर्दूतला 'वुसअत' आला. वुसअत म्हणजे विस्तार, आणि वुसअत म्हणजे ऐपतही. 'हस्बे वुसअत' म्हणजे आपापल्या ऐपतीप्रमाणे, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहितो! तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. जुन्या मुफस्सिरांनी या शब्दाचा अर्थ कुणी 'आम्ही सामर्थ्यवान आहोत' असा घेतला, कुणी 'आम्ही आसमान विस्तीर्ण केलं' असा. गंमत म्हणजे याच शब्दाचं एकवचन सूरह बकरहमध्ये येतं, ते तलाक दिलेल्या बायकोला आपल्या कुवतीप्रमाणे काही देणाऱ्या ऐपतदार माणसाबद्दल. तिथे कुणी म्हणत नाही की तो माणूस प्रसरण पावतो आहे. 'विश्व सतत प्रसरण पावत आहे' हा अर्थ व्याकरणात बसू शकतो, मी नाही म्हणत नाही. पण तो एकमेव अर्थ आहे आणि बाकीच्यांना तो कळलाच नाही, हे मी मांडवात ठोकून दिलं होतं. माझ्या पुस्तिकेत तसं छापलं होतं, एवढाच माझा आधार.

दुसरी आयत, आसमान आणि जमीन जोडलेले असण्याची. इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून एक अर्थ पोचला आहे तो असा: आसमान बंद होतं म्हणजे पाऊस पडत नव्हता, जमीन बंद होती म्हणजे काही उगवत नव्हतं, अल्लाहने दोन्ही उघडले. हे वाचलं त्या दिवशी आमच्याकडे भातलावणी चालू होती. खिडकीबाहेर ती आयत अक्षरशः घडत होती. महास्फोटापेक्षा तो अर्थ मला जास्त भिडला, हे कबूल करतो. कोकणातला माणूस आहे, पावसाची मेहेरबानी म्हणजे काय ते मला कुणी समजावून द्यायला नको.

आणि मग सहा दिवस. आपल्याकडे अनेक ठिकाणी आलं आहे की आसमान-जमीन सहा दिवसांत निर्माण झाले. सूरह हा-मीम सज्दामध्ये तपशील आहे: जमीन दोन दिवसांत, डोंगर आणि अन्नपाणी चार दिवसांत, आसमान दोन दिवसांत. बेरीज केली तर आठ! ही बेरीज पाहून जुने उलेमा गडबडले नाहीत. त्या चार दिवसांत पहिले दोन धरायचे, असं त्यांनी सांगितलं. आपणही बोलताना म्हणतो, चिपळूणपर्यंत दोन तास आणि महाडपर्यंत चार. तसंच. 'यौम' म्हणजे चोवीस तासच असं नाही, हेही कुरआनातूनच दिसतं. एका ठिकाणी तो हजार वर्षांचा आहे, एका ठिकाणी पन्नास हजार वर्षांचा.

इथे मला वाटलं, सुटलो. दिवस म्हणजे युग, सहा युगं, आणि जाऊ दे ती १३८० कोटी वर्षं त्यात मावून. पण वही-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा कळलं की नुसती लांबी वाढवून भागत नाही, क्रमही जुळावा लागतो. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. म्हणजे विश्वाला ९०० कोटींहून जास्त वर्षं झाल्यावर ही बाई जन्माला आली, तोवर कितीतरी ताऱ्यांच्या पिढ्या होऊन गेल्या. हा-मीम सज्दामध्ये उल्लेख आधी जमिनीचा आणि मग आसमानाचा. सूरह नाझिआतमध्ये आधी आसमानाचा, मग जमीन पसरल्याचा. मुफस्सिरांनी त्यावर पानं खर्ची घातली आहेत. म्हणजे वेळापत्रक म्हणून वाचायला गेलं की त्यांनाही अडचण येत होती. टेलिस्कोप नसताना.

हा प्रश्न काही आपला एकट्याचा नाही. माझ्या ओळखीच्या एक ख्रिस्ती बाई आहेत, गोव्याकडच्या, आता निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, तुमचं सहा दिवसांचं काय? त्या हसल्या. "सर, तुमचं तरी बरं. आमच्याकडे पहिल्या दिवशी उजेड आणि चौथ्या दिवशी सूर्य. झाडं तिसऱ्या दिवशी!" बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात सकाळ-संध्याकाळसकट एकेक दिवस मोजलेला आहे आणि सातव्या दिवशी विश्रांती. आपल्याकडे दिवस सहाच, पण थकवा शिवला नाही असं मुद्दाम म्हटलेलं आहे. फरक आहेत, पण अडचण एकाच घराण्यातली आहे.

बाईंनी मला कपाटातून 'क्रिस्तपुराण' काढून दाखवलं. मराठी शिकवणाऱ्या माणसाने त्याचं नाव ऐकलेलं असतं, भाषेच्या स्तुतीच्या ओव्याही माहीत असतात, पुढचं कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं हे पुराण त्याने रचलं. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना ऐकायला काहीतरी हवं होतं. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदाम आणि एवा. म्हणजे बायबलमधली सृष्टिकथा आपल्या भाषेत ओवीबद्ध झाली ती चारशे वर्षांपूर्वी, आपल्या शेजारी.

ते राशोलला छापलं गेलं १६१६ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये रोममध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर बंदी आली, दुरुस्ती होईपर्यंत. गॅलिलिओला ताकीद मिळाली तीही १६१६ मध्येच. एकाच चर्चची दोन माणसं एकाच वर्षी दोन कामं करत होती. एक जण सृष्टीची गोष्ट परक्या माणसांच्या तोंडी बसावी म्हणून ओवी घोटवत होता. दुसरा तीच गोष्ट हातात घेऊन पृथ्वी फिरत नाही असं फर्मान काढत होता. मी तेव्हा मांडवात उभा होतो तो कोणाच्या बाजूला? फर्मानवाल्यांच्या तर नक्कीच नाही, मी विज्ञानाची तारीफच करत होतो. पण किताब हा खगोलशास्त्राच्या कोर्टातला साक्षीदार आहे, हे त्यांनीही मानलं होतं आणि मीही. त्यांची साक्ष विरोधात होती, माझी बाजूने. फरक तेवढाच.

याच्यावर सर्वात मोठा धडा मला एका पाद्र्याकडूनच मिळाला. महास्फोटाची कल्पना ज्याने प्रथम मांडली तो जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. विश्व प्रसरण पावतं हे गणितातून त्याने १९२७ मध्येच, हबलच्या आधी, मांडलं होतं आणि १९३१ मध्ये म्हणाला की सगळं एका आद्य अणूतून निघालं असावं. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात सांगून टाकलं की आता विज्ञानच निर्मितीची साक्ष देत आहे. माझं २०११ चं बयान तेच होतं, फक्त साठ वर्षं उशिरा आणि लाऊडस्पीकरवर! लमेत्रला यावर आनंद व्हायला हवा होता. तो अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं, माझा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाच्या बाहेर आहे. माणूस तो मानूनही नास्तिक राहू शकतो. पोपनी पुन्हा तसं विधान केलं नाही.

दुसऱ्या बाजूला फ्रेड हॉइल. 'बिग बँग' हे नावच मुळी त्याचं, १९४९ च्या रेडिओ भाषणातलं, आणि तो सिद्धांत त्याला मान्य नव्हता. विश्वाला सुरुवात आहे या कल्पनेलाच त्याला धर्माचा वास यायचा. आपले नारळीकर हे त्याचे केंब्रिजमधले विद्यार्थी. कोल्हापुरात जन्मलेला, बनारसला वाढलेला हा मराठी माणूस १९६४ मध्ये हॉइलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडून जगभर गाजला, आणि १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर महास्फोटाला पर्याय मांडला. जवळजवळ सगळं शास्त्रीय जग दुसऱ्या बाजूला असताना हे तिघे आपलं म्हणणं लावून धरत राहिले. ते बरोबर होते का, हे मला ठरवता येणार नाही, आणि पुरावा त्यांच्या बाजूने वळला नाही हेही खरं. पण पुण्यात आयुका उभी करणारा, मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलेला माणूस सांगतो आहे की विश्वाच्या आरंभाबद्दल शंका घ्यायला अजून जागा आहे; आणि त्याच राज्यात एक मास्तर मांडवात सांगतो आहे की शंकेला जागा उरली नाही. त्या पोराने दोघांनाही ऐकलं. कुणावर विश्वास ठेवावा त्याने?

विश्वाला आरंभ आहे की ते अनादी आहे, हा वाद आपल्याकडे नऊशे वर्षांपूर्वी इमाम गजाली आणि नंतर इब्ने रुश्द यांच्यात रंगला होता. गजालींनी अनादित्वाच्या विरोधात लेखणी चालवली. पण त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते बजावतात की ग्रहणाचा हिशेब भूमितीने सिद्ध झालेला आहे, दीनच्या नावाने त्याच्याशी भांडणारा दीनचंच नुकसान करतो. माझं अपराधीपण इथे आणखी गडद झालं. मी भांडलो नव्हतो, मी मिठी मारली होती. पण अशी मिठी मारूनही नुकसान होतं, हे मला चौदा वर्षांनी कळलं.

उर्दूवाल्यांनी सर सय्यद यांचा प्रवास जरूर बघावा. अलीगढचे हे बुजुर्ग, विज्ञानाचे एवढे पुरस्कर्ते. त्यांनी १८४८ मध्ये पृथ्वी फिरत नाही हे सिद्ध करण्यासाठी एक पुस्तिका लिहिली होती! हो, सर सय्यद यांनीच. पुढे मत बदललं. १८६२ मध्ये त्यांनी बायबलवर भाष्य छापायला सुरुवात केली, त्यात उत्पत्तीचे पहिले अध्याय आहेत. माझ्या माहितीत असं भाष्य लिहायला बसलेला आपल्याकडचा दुसरा मुसलमान नाही. खुदाचं कलाम आणि खुदाचं काम यांच्यात विरोध असू शकत नाही, हे त्यांचं सूत्र. सूत्र छान आहे, पण राबवताना त्यांनाही ओढाताण करावी लागली. मला त्यांचं १८४८ ते १८६२ हे अंतर जास्त आवडतं. माणसाने आपलंच छापलेलं खोडलं.

ऑगस्टमध्ये पाऊस जरा उघडला तेव्हा वर्गातल्या दहा-बारा पोरांना घेऊन सड्यावर गेलो, कातळशिल्पं दाखवायला. आमच्या जिल्ह्यात उक्षी, कशेळी, बारसू अशा गावांच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेले हत्ती, मासे, माणसं आहेत. यातली काही दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत असा अभ्यासकांचा अंदाज. युरोपात बिशप अशर नावाच्या विद्वानाने बायबलमधल्या पिढ्या मोजून सृष्टीची निर्मिती ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये झाली असं गणित मांडलं होतं. त्याच्या हिशेबाने पाहिलं तर आमचा कशेळीचा हत्ती सृष्टीच्या आधीचा! पोरं खूप हसली. मग एकीने विचारलं, "सर, आणि हा कातळ?" जांभ्याखालचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, असं मी सांगितलं. ती खाली बसून दगडावर हात ठेवून राहिली. तिला किताबाची कुठली आयत आठवली की नाही, मी विचारलं नाही. मला मात्र जमिनीत फिरा आणि निर्मिती कशी सुरू झाली ते पाहा, हे सूरह अनकबूतमधलं सांगणं आठवलं. मी ते शेकडो वेळा तिलावतमध्ये वाचलं होतं. फिरलो नव्हतो.

उगाच फुगवून सांगण्याची सवय काही फक्त दीनदारांची नाही, हेही लिहून टाकतो. विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' आहेत, तिथून लॉकियरने १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात हीलियम शोधला असं लोक अभिमानाने सांगतात. ग्रहणाचा खग्रास पट्टा कोकणावरून गेला हे खरं. पण लॉकियरने सूर्याच्या वर्णपटाची निरीक्षणं घेतली ती ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमध्ये बसून. मी हे एकदा स्टाफरूममध्ये म्हटलं तर दोन दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही.

तर मग आता मी काय मानतो? वाचक विचारतीलच. अल्लाहने हे सगळं निर्माण केलं, हे मी मानतो. अलंकारिक अर्थाने नाही, खरोखर मानतो. दीन एका खोलीत आणि विज्ञान दुसऱ्या खोलीत, मध्ये कुलूप, ही वाटणी मला पटत नाही. ज्या सूर्याच्या उताराने माझी जुहर ठरते तोच सूर्य विज्ञानाच्या पुस्तकात आहे. पण सहा दिवस हे वेळापत्रक म्हणून उतरले आहेत असं मी आता म्हणणार नाही. त्या आयतांच्या आसपास पाहा, दरवेळी बोलणं कुठे वळतं: तुम्ही याची कृतघ्नता करता का, याच्यासारखा दुसरा उभा करता का, पाणी कोण पाठवतो. ऐकणाऱ्या अरबाला आसमानाचं वय विचारायचं नव्हतं. आणि हजरत आदम (अ.) यांच्या बाबतीत प्रश्न याहून अवघड आहे. तिथे 'दिवस म्हणजे युग' सारखी पळवाट नाही. त्याबद्दल माझं वाचन अजून कच्चं आहे, म्हणून आज त्यात शिरत नाही. एकदा घाई करून बसलो आहे.

सप्टेंबरमध्ये यंदा गणपती आणि ईद-ए-मिलाद लागोपाठ आले. ५ तारखेच्या रात्री मांडवात मी अध्यक्षांकडे दहा मिनिटं मागून घेतली. २०११ चं बयान काढलं, काय चुकलं ते सांगितलं, 'मूसिऊन'चे दोन अर्थ सांगितले. आयत खरी आहे, तिच्यावर मी चढवलेली पाटी माझी होती, असं म्हणालो. गजर काही झाला नाही. पाठीमागे कुणीतरी खोकलं. एक बुजुर्ग, ज्यांनी मला तेव्हा शाल दिली होती तेच, उठून म्हणाले, "मास्तर, पोरांचं इमान कमजोर करताय तुम्ही. विज्ञानाचा आधार काढून घेतलात, मग त्यांना धरायला काय देणार?"

मी म्हटलं, "चाचा, ज्याच्या हातात मी तो आधार दिला होता त्याचंच इमान कमजोर झालं." यावर ते बसले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. त्यांचा प्रश्न खोटा नाही. मला त्याचं उत्तर दहा मिनिटांत देता आलं नसतं, आणि आजही मी ते पूर्ण देऊ शकेन असं नाही. आमचे तरुण हाफिजसाहेब मात्र उभे राहिले आणि त्यांनी एक वाकिया सांगितला, जो सगळ्यांना माहीत असतो आणि कुणाला वेळेवर आठवत नाही. पैगंबरांचा (स.) लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, त्याच्या मौतीने लागलं. आयताच चमत्कार चालून आला होता. आणि पैगंबर (स.) म्हणाले की चंद्र-सूर्य अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जगण्या-मरण्याने त्यांना ग्रहण लागत नाही, ग्रहण पाहाल तेव्हा नमाज पढा. मुलाला माती देऊन आलेला बाप हे बोलत होता.

दोनच दिवसांनी, ७ सप्टेंबरला रविवारी रात्री, खग्रास चंद्रग्रहण होतं. हाफिजसाहेबांनी ऐलान केलं, अकरा वाजता नमाज-ए-खुसूफ. आम्ही शाफई, आमच्याकडे ती जमातीने होते, एकेका रकातीत दोन दोन रुकू. आलो आम्ही पंधरा-सोळा जण, त्यात सड्यावर आलेली चार पोरं. आधल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, रस्ते सामसूम. आभाळ गच्च. ग्रहण लागलं आहे हे आम्हाला फक्त मोबाइलवरून आणि हिशेबावरून माहीत. तिलावत लांब झाली, पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती, पण उठून कुणी गेलं नाही.

नमाजनंतर आम्ही आवारात उभे राहिलो. बाराच्या सुमाराला मोबाइल वाजला. पुण्याहून त्याचा मेसेज होता.

"सर, तिकडे दिसतोय?"

मी लिहिलं, "ढग आहेत. थांबलोय."

थोड्या वेळाने त्याचं आलं, "मी पण गच्चीत आहे. इथे पण ढग आहेत."